‘वाढतोच’मधला ‘च’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत दोन आठवड्यांपूर्वी एका बहिणीचा प्रश्न छापून आला होता. तिच्या भावाला एचआयव्ही आहे, सहा वर्षं गोळ्या चालू आहेत, पण सीडी-४चा, म्हणजे एचआयव्ही ज्यांना मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा, आकडा २१०च्या पुढं सरकत नाही. औषध लागू पडत नाही का, असं तिनं विचारलं होतं. उत्तर चार ओळींचं होतं. त्यातली एक ओळ तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही: ‘औषध नियमित घेतलं तर सीडी-४ वाढतोच.’

त्या वाक्यातल्या ‘च’बद्दल मला लिहायचं आहे. बहुतेकांचा सीडी-४ वाढतो. सगळ्यांचा वाढत नाही. आणि ज्याचा वाढत नाही त्यानं हे वाक्य वाचलं, तर त्याला त्यातून एकच गोष्ट ऐकू येते: तू गोळ्या चुकवतोस.

मी एकोणीस वर्षं एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सीडी-४ मोजायच्या यंत्रावर काम केलं. आता निवृत्त आहे. मी डॉक्टर नाही, आणि कुणाला औषध सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण हा आकडा कसा निघतो, त्यात काय असतं आणि काय नसतं, हे मी हजारो नळ्यांमधून पाहिलं आहे. शिवाय हाच ‘च’ मी स्वतः एकदा एका माणसाच्या तोंडावर फेकला होता. तेही सांगणार आहे, कारण त्याशिवाय हे पत्र लिहिण्यात अर्थ नाही.

आमच्याकडं रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत यायचं. त्यातलं ठरलेलं रक्त मोजून रसायनात सोडायचं, अंधारात ठेवायचं, मग यंत्रात घालायचं. चमकता रंग लावलेली प्रतिद्रव्यं, म्हणजे ठरावीक लक्ष्यालाच चिकटणारी प्रथिनं, सीडी-४ पेशींना जाऊन चिकटतात, लेझरच्या झोतासमोरून एकेक पेशी पुढं सरकते आणि यंत्र मोजत जातं. शेवटी एका घनमिलिमीटर रक्तातल्या पेशींचा आकडा कागदावर येतो. निरोगी मोठ्या माणसात तो साधारण ५०० ते १५००च्या दरम्यान असतो. २००च्या खाली गेला की शरीर नेहमी सहज परतवून लावतं त्या जंतूंपुढंही हरायला लागतं.

रिपोर्टच्या खिडकीपाशी लोक ‘काय आलं?’ असं विचारत नसत, ‘किती आले?’ असं विचारत. निकालाच्या दिवशी मार्क विचारतात तसं. आधीच्या वेळेपेक्षा पाच जास्त आले तरी चेहरा उजळायचा, वीस कमी आले की माणूस कागदाची घडी करून खिशात कोंबायचा. खरं तर त्या पाचाला नि वीसाला काहीच अर्थ नसतो. एकाच माणसाचं रक्त दुपारी घेतलं आणि संध्याकाळी घेतलं तरी आकडा वेगळा येतो, संध्याकाळी तो चढतो. सर्दी-ताप असेल, स्टेरॉइड चालू असेल, बाई गरोदर असेल, तरी तो हलतो. आकड्यात जवळपास ३० टक्के फरक पडल्याशिवाय तो खरा बदल धरू नये, असं आम्हाला शिकवलेलं होतं. म्हणजे २४० वरून १९०वर येणं ही नुसती हेलकाव्याची गोष्ट असू शकते. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. माहीत असून मी किती जणांना ते सांगितलं, हा प्रश्न आता मला छळतो.

एक गृहस्थ होते. चाळिशीचे, अबोल, दर सहा महिन्यांनी ठरल्या दिवशी यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा क्षयरोगातून नुकते उठले होते आणि सीडी-४ होता ३८. औषध सुरू झालं. सहा महिन्यांत ११२. वर्षानं १६१. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसल्यासारखं केलं. मग १८७, २०४, १७८, २११, १९६. तिथंच थांबलं. वर्षामागून वर्षं गेली, आकडा २००च्या उंबरठ्यावर आत-बाहेर करत राहिला. व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची तपासणी, मात्र जेव्हा जेव्हा झाली तेव्हा विषाणू ‘आढळला नाही’ असाच आला. तो रिपोर्ट दुसऱ्या टेबलावर निघायचा, आणि मी माझ्या आकड्याशेजारी तो ठेवून कधी बघितला नाही.

एका दिवशी खिडकीपाशी रांग होती. मी कागद दिला, १८३ होते. आणि मी म्हटलं, ‘दादा, गोळ्या चुकवता का हो? नीट घेतल्या तर वाढतोच.’ मागं पाच-सहा माणसं उभी होती. ते काहीच बोलले नाहीत. कागद घेतला आणि गेले.

पुढच्या सहामाहीला ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. दोन वर्षांनी त्यांची बायको त्यांना हाताला धरून घेऊन आली. सीडी-४ होता २२, व्हायरल लोड लाखांत. सीएमव्ही नावाच्या विषाणूनं त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा खाल्ला होता. हा विषाणू पुष्कळ लोकांच्या शरीरात गप्प पडून असतो, सीडी-४ पन्नासच्या खाली गेला की डोळ्यावर उतरतो. ती नजर परत आली नाही. रक्त घेताना त्यांनी मला आवाजावरून ओळखलं आणि शांतपणे म्हणाले, ‘ताई, तुम्ही विचारलंत ना, चुकवता का? मी एकही चुकवली नव्हती. मग वाटलं, घेऊनही तेच आणि न घेऊनही तेच.’

घेऊन आणि न घेऊन ‘तेच’ नव्हतं. हे त्यांना सांगायला हवं होतं ते मी, आणि मी नेमकं उलटं सांगितलं. गोळ्या चालू असताना त्यांच्या रक्तात विषाणू सापडत नव्हता. सहा वर्षं त्या माणसाला साधा न्यूमोनिया झाला नव्हता. त्यांच्या बायकोला लागण झाली नव्हती. रक्तातला विषाणू दबलेला राहिला तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही, हे नंतर हजारो जोडप्यांच्या अभ्यासांतून पक्कं झालं. औषध आपलं काम चोख करत होतं. पेशी भरून येत नव्हत्या, ही दुसरी गोष्ट आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेच आपल्या पुरवणीतल्या उत्तरात नव्हतं आणि माझ्या तोंडीही नव्हतं.

एचआयव्हीची औषधं सीडी-४ पेशी तयार करत नाहीत. ती विषाणूला वाढू देत नाहीत, एवढंच त्यांचं काम. नाश थांबला की पुढची भरपाई शरीरानं स्वतः करायची असते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत आकडा झपाट्यानं चढतो, त्याचा मोठा भाग म्हणजे लसिकाग्रंथींमध्ये (मानेत, काखेत असतात त्या गाठींमध्ये) अडकून पडलेल्या जुन्या, अनुभवी पेशी पुन्हा रक्तात उतरलेल्या असतात. नवीन काही जन्मलेलं नसतं. खऱ्या नव्या, कोऱ्या पेशी त्यानंतर सावकाश येतात. मोठ्या माणसात पहिल्या वर्षी साधारण ५० ते १५० आणि पुढं वर्षाला ५० ते १०० अशी वाढ होते, आणि मग एका पातळीवर ती स्थिरावते. ती पातळी ७०० असेल की २१०, हे पुष्कळसं सुरुवात कुठून झाली यावर ठरतं.

कोऱ्या पेशी जिथं शिकून तयार होतात ती थायमस ग्रंथी छातीच्या मधल्या हाडामागं असते. लहानपणी ती भरदार असते. वयात आल्यापासून ती आक्रसत जाते आणि तिच्या जागी चरबी भरते. पन्नाशीच्या माणसाकडं तिचा थोडासाच भाग कामाचा उरलेला असतो. त्यात विषाणू वर्षानुवर्षं मोकळा राहिला असेल तर लसिकाग्रंथींत सततच्या दाहानं वण धरलेले असतात, आणि वण धरलेल्या जागी नव्या पेशी टिकत नाहीत. आतड्याच्या अस्तरात सीडी-४ पेशींचा मोठा साठा असतो, त्यातला बराच भाग लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच जातो आणि तो औषधानंही पुरता भरून येत नाही. आतड्याची ती भिंत गळकी राहिली की जंतूंचे अंश रक्तात झिरपतात आणि शरीर कायम धुमसत राहतं. हे सगळं घडून गेल्यावर माणूस ३८ सीडी-४ घेऊन आमच्या खिडकीपाशी येतो, आणि आपण त्याला विचारतो, चुकवता का?

विषाणू दबलेला असूनही सीडी-४ पुरेसा न वाढलेले लोक वेगवेगळ्या अभ्यासांत दहा टक्क्यांपासून चाळीस टक्क्यांपर्यंत आढळले आहेत. पुरेसा कशाला म्हणायचं यावर हा आकडा बदलतो. सगळ्यात कमी धरला तरी दहात एक. एवढ्या माणसांना एका ‘च’नं खोटं पाडायचं का?

आणि इतक्या उशिरा ते का आले? प्रत्येक जण निष्काळजी होता म्हणून नव्हे. मी नोकरीला लागले तेव्हा नियमच असा होता की २००च्या खाली आल्यावर औषध सुरू करायचं. ३४० आलेल्या माणसाला ‘अजून वेळ आहे, सहा महिन्यांनी या’ असं सांगून घरी पाठवलं जायचं. ते रिपोर्ट मीच छापले आहेत. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेनं ही मर्यादा ३५० केली, २०१३ साली ५००, आणि २०१५ साली मर्यादाच काढून टाकली: निदान झालं की औषध, आकडा कितीही असो. त्याच वर्षी ‘स्टार्ट’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले होते. ३५ देशांतले साडेचार हजारांवर लोक, सगळ्यांचा सीडी-४ ५००च्या वर. निम्म्यांना लगेच औषध दिलं, निम्म्यांनी ३५०पर्यंत उतरायची वाट पाहिली. लगेच सुरू केलेल्यांमध्ये गंभीर आजार आणि मृत्यू मिळून ५७ टक्क्यांनी कमी होते. ज्यांना आपण थांबवून ठेवलं, त्यांची शरीरं आपण वाट पाहायला लावलेल्या त्या वर्षांत झिजली. आज त्यांच्यापैकी कुणाचा आकडा २१०वर अडला असेल, तर त्यात त्याच्या शिस्तीचा दोष शोधणं अन्यायाचं आहे.

मुलांचं वेगळं असतं. हे मला एका भाऊ-बहिणीनं शिकवलं.

आई-वडील दोघंही गेलेले. मावशी त्यांना घेऊन आली. मुलगी चार वर्षांची, मुलगा बाराचा. दोघांनाही जन्मतःच लागण झालेली. मुलगा या वयापर्यंत औषधाविना कसा टिकला याचं आम्हाला नवल वाटलं होतं. काही मुलांत रोग असा हळू सरकतो. त्याचा सीडी-४ ४५ होता. मुलीच्या रिपोर्टवर मी आकड्याऐवजी टक्केवारीकडं बघितलं, कारण पाच वर्षांखालच्या मुलात नुसता आकडा फसवतो. तान्ह्या बाळात सीडी-४ दोन-तीन हजार असणं हेच मुळात सामान्य असतं, पुढं पाच-सहा वर्षांपर्यंत तो उतरत मोठ्यांच्या पातळीला येतो. मोठ्या माणसाला ७०० आले तर आनंद. सहा महिन्यांच्या बाळाला ७०० आले तर धोक्याची घंटा. म्हणून त्या वयात लसिकापेशींपैकी (पांढऱ्या पेशींचा हा एक प्रकार) किती टक्के सीडी-४ आहेत ते बघायचं. तिचे होते ७ टक्के. त्या वयात १५च्या खाली म्हणजे प्रतिकारशक्ती पार ढासळलेली.

दोघांचं औषध एकाच महिन्यात सुरू झालं. देणारी मावशी एकच, वेळ एकच, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून. सहा महिन्यांनी मुलगी १४ टक्क्यांवर, वर्षानं २२, दोन वर्षांनी २९, मग ३४. हजाराच्या वर पेशी. तिचा रिपोर्ट शेजारच्या घरातल्या कुठल्याही निरोगी मुलीच्या रिपोर्टमध्ये मिसळून गेला असता. मुलगाही वाढला, पण पाच वर्षांनी तो ४२०वर होता आणि तिथंच रेंगाळला. त्यानं एकदा मला विचारलं, ‘मी पण तेवढ्याच गोळ्या खाल्ल्या ना, मग तिचेच का जास्त?’ त्याच्या आवाजात मत्सर नव्हता. आपलं काही चुकलं का, एवढंच त्याला हवं होतं. त्या वेळी मात्र मी नीट सांगितलं. त्याला छातीच्या मधल्या हाडावर बोट ठेवायला लावलं. म्हटलं, इथं एक शाळा असते, लहानपणी तिच्यात खूप जागा असतात. तुला चार वर्षांचा असताना आणलं असतं तर तुझेही बहिणीएवढे झाले असते. तुझी काहीच चूक नाही. तो म्हणाला, ‘तेव्हा आई होती.’ त्यावर मला काही बोलता आलं नाही.

लहान मुलं चांगली भरून येतात, पण वेळेवर सुरुवात झाली तर, आणि तान्ह्या बाळांना वेळ फार थोडा असतो. जन्मतः लागण झालेल्या बाळांना औषध मिळालं नाही तर जवळपास निम्मी दोन वर्षांच्या आत दगावतात, त्यातली पुष्कळशी पहिल्या काही महिन्यांतच. दक्षिण आफ्रिकेत झालेल्या ‘चेर’ चाचणीत सहा ते बारा आठवड्यांच्या, वरवर तब्येतीनं चांगल्या आणि सीडी-४ २५ टक्क्यांच्या वर असलेल्या बाळांना लगेच औषध दिलं, काहींना आकडा घसरेपर्यंत थांबवलं. लगेच दिलेल्यांत मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष २००८ साली छापून आले, आणि त्यानंतर बाळांच्या बाबतीत आकड्याची वाट बघणं बंद झालं. तरीही २०२३च्या अखेरीला जगभरात एचआयव्ही असलेल्या मोठ्या माणसांपैकी ७७ टक्के औषधावर होती आणि मुलांपैकी फक्त ५७ टक्के. ज्यांच्या छातीमागची शाळा अजून भरलेली आहे, त्यांनाच आपण बाहेर उभं करून ठेवलं आहे. मुलांसाठी डोल्युटेग्रॅव्हिर या एचआयव्हीच्या औषधाची पाण्यात विरघळणारी गोळी आली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. त्याआधीचं कडूजहर सरबत ओकून टाकणारी बाळं आणि पुन्हा भरवणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत.

मुलांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पालकांना कुणी सांगत नाही, म्हणून इथं लिहिते. त्या चिमुरडीला बाळपणी गोवराची लस दिलेली होती, कार्डावर शिक्का होता. तरी औषध सुरू होऊन काही महिन्यांत तिला गोवर आलाच. प्रतिकारशक्ती ढासळलेली असताना दिलेली लस नीट रुजत नाही, किंवा रुजलेली पुसली जाते. पेशी परत आल्या तरी ती आठवण आपोआप परत येत नाही. म्हणून प्रतिकारशक्ती सावरल्यावर गोवराची जादा मात्रा द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आपल्या मुलाच्या डॉक्टरांना हे जरूर विचारा.

दुसरी गोष्ट एका आजोबांची. त्यांच्या नातवाला दुसऱ्या महिन्यातच औषध सुरू झालं होतं. तीन वर्षांचा झाल्यावर त्यांनी बाहेर साधी तपासणी करून घेतली, ती आली निगेटिव्ह. आजोबा नाचत आले: बरा झाला! औषध बंद केलेलंही होतं. साधी तपासणी विषाणू शोधत नाही, शरीरानं विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते. इतक्या लवकर विषाणू दाबला गेला की बाळाच्या शरीरात ती प्रतिद्रव्यं पुरेशी तयारच होत नाहीत, आणि आईकडून आलेली दीड वर्षाच्या आत विरून जातात. विषाणू मात्र पेशींच्या आत दडून बसलेला असतो. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात जन्मल्यानंतर तीस तासांत औषध मिळालेल्या एका बाळाची बातमी जगभर गाजली होती. औषध सुटल्यावर सव्वादोन वर्षं विषाणू दिसला नाही, आणि २०१४ साली तो परत आला. या नातवाचा तर तीनच महिन्यांत परत आला. आजोबा वेळेवर पुन्हा आले, मूल सावरलं. पण निगेटिव्ह कागद हातात आल्यावर कुठल्या आजोबांना मोह होणार नाही?

आता त्या बहिणीच्या प्रश्नाकडं येते.

भावाचा शेवटचा व्हायरल लोड किती आला, हे तिनं आधी विचारावं. तो वाढलेला असेल तर गोळ्या चुकतात का, औषध बदलायला हवं का, हे प्रश्न खरे. तो दबलेला असेल तर औषध काम करतंय. निव्वळ सीडी-४ वाढावा म्हणून चालणाऱ्या गोळ्या बदलून किंवा त्यात भर घालून आकडा वाढत नाही. विषाणू दबलेला असताना २१०वर असलेला माणूस आणि विषाणू मोकळा असताना २१०वर असलेला माणूस यांच्या धोक्यात फार अंतर असतं. धोका शून्य मात्र नसतो. म्हणून अशा माणसाकडं जास्त लक्ष हवं, जास्त ओरडा नको. क्षयरोग आत दडलेला नाही ना, अस्थिमज्जेवर परिणाम करणारं दुसरं एखादं औषध चालू नाही ना, हे डॉक्टरांनी बघायचं. कोट्रायमॉक्सॅझोलची, म्हणजे इतर जंतूंची लागण टाळायला देतात ती, गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनानं थांबवू नये. लसी राहिल्या असतील तर घ्याव्यात, तंबाखू सोडावी, रक्तदाब-साखर तपासत राहावी, कारण शरीरातलं ते धुमसणं हृदयालाही भोवतं. खोकला, ताप, डोळ्यांपुढं काळे ठिपके, न थांबणारी डोकेदुखी यांतलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नये.

संपादक महोदय, ज्या पानावर तिला उत्तर दिलं होतं त्याच्या मागच्याच पानावर ‘सीडी-४ झपाट्यानं वाढवा’ अशी एका चूर्णाची जाहिरात होती. पुरवणी उलटली की उत्तराच्या पाठीला जाहिरात. ‘वाढतोच’ हे वाचून हताश झालेला माणूस पान उलटून काय करेल, याचा विचार झाला असेल असं मला वाटत नाही, म्हणून सांगते. पेशींचा आकडा बाहेरून वाढवायचा प्रयत्न जगानं फार गंभीरपणे करून पाहिला आहे. इंटरल्युकिन-२ नावाचं, टी-पेशींना (सीडी-४ पेशी त्यांतल्याच) वाढायला लावणारं प्रथिन एचआयव्हीच्या औषधांच्या जोडीला टोचून दोन मोठ्या चाचण्या झाल्या, ‘एस्प्रिट’ आणि ‘सिलकॅट’. मिळून पावणेसहा हजारांवर माणसं, वर्षानुवर्षं पाठपुरावा. आकडा खरोखर वाढला. एकीत सरासरी सुमारे १६०नं, दुसरीत पन्नासहून जास्तनं. २००९ साली निष्कर्ष आले: आजार कमी झाले नाहीत, मृत्यू कमी झाले नाहीत. आकडा वाढला आणि माणसाला त्याचा काही उपयोग झाला नाही. ज्या प्रथिनाचं काम पेशी वाढवणं हेच आहे, त्याची ही गत. मग डबीतलं चूर्ण काय करणार?

उलट दिशेचाही प्रयोग झाला आहे. आकडा चांगला आहे तर औषध थांबवू, खाली आला की परत सुरू करू, असं ठरवून ‘स्मार्ट’ नावाची चाचणी झाली. ३३ देशांत मिळून ५,४७२ माणसं. औषध थांबवलेल्यांत आजार आणि मृत्यू इतके वाढले की २००६च्या जानेवारीत ती मधेच थांबवावी लागली. माझ्या त्या अबोल गृहस्थांनी हाच प्रयोग स्वतःवर केला. त्यांना थांबवायला मात्र कुणी नव्हतं.

सीडी-४ मोजणं निरुपयोगी आहे, असा अर्थ कुणी काढू नये. माणूस पहिल्यांदा येतो तेव्हा तर तो मोजायलाच हवा, कारण १०० सीडी-४ घेऊन आलेल्याला त्याच दिवशी क्षयरोगासाठी आणि मेंदूच्या आवरणात शिरणाऱ्या बुरशीसाठी तपासावं लागतं. औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत उलट त्रास वाढला, गाठी सुजल्या, ताप आला, तरी घाबरून गोळ्या सोडायच्या नसतात. शुद्धीवर आलेली प्रतिकारशक्ती दडलेल्या जंतूंवर तुटून पडते तेव्हा असं होतं. बाळांना बीसीजीची लस टोचलेल्या बाजूच्या काखेत गाठ येते ती पुष्कळदा यामुळंच. लगेच डॉक्टरांना दाखवायचं, एवढं पक्कं. आपल्या पुरवणीत यावर एखादा सविस्तर लेख कुणा जाणकार डॉक्टरांकडून लिहून घेता आला तर त्याचा फार उपयोग होईल.

त्या गृहस्थांनी औषध पुन्हा सुरू केलं. मी निवृत्त झाले त्या महिन्यात त्यांचा आकडा १४० होता. शेवटच्या रिपोर्टच्या वेळी मी दुसऱ्या टेबलावर जाऊन त्यांचा व्हायरल लोड आधी बघून आले, आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, ‘दादा, विषाणू सापडला नाही. तुम्ही एकही गोळी चुकवलेली नाही.’ त्यांनी एका डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. पुढच्या पुरवणीत त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत त्या वाक्याची दुरुस्ती छापावी. आणि त्या बहिणीचा पत्ता आपल्याकडं असेल, तर माझं पत्र छापून येईपर्यंत थांबू नये, त्याची प्रत तिला आजच पाठवावी.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ

(माझ्या नावावरून रुग्णालय आणि रुग्णालयावरून माणसं ओळखली जातील. म्हणून नाव-पत्ता फक्त आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये.)